वीस

सकाळपासून गेथिन शिडीवर आहे.
वेल्समधल्या या लहानशा गावात, चॅपल रस्त्याच्या
खांबाखांबावरून तीस उतरवतो, वीस चढवतो.
पाना, चार बोल्ट, हातमोज्यातूनही गार लागणारा पत्रा.
खाली टेम्पोच्या हौद्यात
जुने तीस एकावर एक,
ताटं विसळून पालथी घालावीत तसे.

येणारेजाणारे बोलून घेतात.
"पगार आमच्या करातून, आणि आम्हालाच अडवा!"
पार्सलवाला ग्विलिम व्हॅन न थांबवताच ओरडतो,
"रोजची एकशे चाळीस दारं, गेथिन!
दारामागे किती सेकंद, कर हिशेब!"
गेथिन हिशेब करत नाही. बोल्ट आवळतो.
खरं तर विरोधाच्या कागदावर
त्याचीही सही आहे,
पबच्या काउंटरवर केलेली,
ग्लासाच्या ओल्या गोल डागाला चुकवून.

उतारावर, जिथे रस्ता शाळेकडे वळतो,
डांबरावर ढोबळ पांढऱ्या अक्षरांत
त्यांच्या भाषेतलं 'हळू' लिहिलंय.
ते म्हणतात तेव्हा आपल्या कानाला ऐकू येतं: आरव.
आरव म्हणजे आवाज.
पहिल्या अक्षराचा काना पुसला
की उरतं अरव, ज्याला आवाजच नाही.
टायरांनी इतकी वर्षं
नेमकं तेच पहिलं अक्षर घासलंय.

बत्तीस नंबरच्या खिडकीत
एलिनेडबाई, ऐंशीला दोन कमी.
समोर औषधांचं दुकान. पावलं अकरा.
ही अकरा पावलं गेली सहा वर्षं
त्या शेजारच्या पोरीकडून चालवून घेतात,
वर तिला एक बिस्कीट.
आज त्यांनी कोट घातला.
बटणं लावली.
खिडकीतून गेथिनची शिडी बघितली, वीस बघितला,
आणि बटणं काढली.
नुसता पत्राच तर बदललाय.
गाड्या त्याच, माणसं तीच.

शाळेजवळचा खांब गेथिनने शेवटी ठेवलाय.
जेवणाचा डबाही त्याने आज अंमळ सावकाशच संपवला.
एमलिन त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा होता.
खिशात चेस्टनटच्या बिया,
दोऱ्यात ओवून एकमेकांवर आपटायच्या.
पोलिसांनी टेप लावून चाकांची काळी रेघ मोजली
आणि लिहिलं: वेग तीस. मर्यादेत.
कुणाचीच चूक नाही.
आई मग कधीही, भांडी घासता घासता,
मधेच म्हणायची, "मर्यादेत,"
आणि नळ मोठा सोडायची.
किती घरंदाज शब्द आहे, मर्यादा.
दार हळूच लोटून बाहेर जाणारा.

इथला बोल्ट गंजलाय. फिरत नाही.
तेल सोडतो. थांबतो. पुन्हा पाना लावतो.
निघतो एकदाचा.
हा तीस मात्र हौद्यात जात नाही,
पुढच्या सीटवर जातो,
आकडा खाली करून.

सव्वापाचला गेथिन घरी निघतो,
वीसने. त्यालाही जड जातंय.
पाय आपोआप दाबतो, तो पुन्हा उचलतो.
वीसला भलतंच काहीबाही दिसतं:
कुणाच्या तरी दाराला नवा पिवळा रंग,
कौलावर बसलेली, कंटाळलेली मांजर,
आणि फुटपाथच्या काठावर
एक कोट, बटणं एक-एक घर चुकलेली.

तो थांबतो.
मागे ग्विलिमची व्हॅन. हॉर्न. आरव.
एलिनेडबाई काठी टेकतात,
एक. दोन.
मधल्या पांढऱ्या रेषेवर जरा उभ्या राहतात,
जणू कुणाच्या अंगणात विचारून आल्यात.
अकराची चौदा झाली.
ग्विलिमचा हात हॉर्नवरच होता,
पण दुसऱ्यांदा काही वाजला नाही.

दुकान बंद होतं.
बुधवारी पाचलाच बंद होतं ते.
बाईंनी चष्मा लावून पाटी नीट वाचली,
पुन्हा वाचली,
आणि वळल्या.

अजून चौदा.
गेथिनने गाडी बंद केली.