मोजणी

सावद्याची शाळा, सातवी ब.
बाकं भिंतीला लावली, मधे झालं शिवार.
फळ्यावर साल लिहिलं, अठराशे बावन्न,
आणि खडू खिशात टाकला.

साहेबाची टोपी पुठ्ठ्याची,
हितेंद्र फिरकेच्या डोळ्यांवर येते.
मोजणीची साखळी केळीच्या सोपटाची,
सिकंदर तडवीनं रात्री वळलेली, अजून ओली.
बाकी सगळे कुणबी.
कोळशाच्या मिशा घामानं ओठांत उतरलेल्या.

रुमाली पावरा दाराशी.
बाप सालदार, दर आखाजीला मळा बदलतो,
म्हणून हजेरीपटात तिचं नाव
सगळ्यात खाली, वेगळ्या शाईत.
"सर, मले पार्ट नाही का?"
मी यादी पाहिली.
तोवर ती फरशीवर आडवी,
हात पसरून.
"मी जमीन."

साखळी टाचेपासून निघाली,
गुडघ्यावर अडली, पोटावरून गेली.
रुमालीला गुदगुल्या झाल्या, पण हसली नाही.
हितेंद्र आकडे ओरडत होता.
मग ठरल्याप्रमाणे कुणबी उठले,
खुंट्या उपटल्या, टोपी उडवली,
एवढा गलका की
शेजारच्या वर्गातून बोंडे बाई येऊन
डोळे वटारून गेल्या.

घंटा झाली.
रुमाली उठेना.
"ऊठ गं, संपलं नाटक."
"मोजून झालं ना, सर?
मंग मी कोणाची?"

शिवारातले सगळे कुणबी
एकमेकांच्या मिशांकडे पाहू लागले.
मी खिशात खडू चाचपला. तुटला होता.

सिकंदर कोपऱ्यात सोपट गुंडाळत होता.
"हे वाळलं की आखडंल, सर," तो म्हणाला,
"उद्या माप दुसरंच येईन."