आटलेले दोन धागे

तोंड उघडा, म्हणाली डॉक्टर मेहजबीन,
आणि निळसर उजेडाची दांडी
गालाच्या आतून फिरवू लागली,
शेवटच्या दाढेपासून हळूहळू, थांबत,
जसा तपासनीस ताग्यावरून हात फिरवतो
गाठ लागते का बघत.
दांडीचं टोक कोमट होतं.
आत वाफ धरू नये म्हणून, ती म्हणाली.
मी मान हलवली.
हलवू नका, ती म्हणाली.

तीन महिन्यांपूर्वी हीच खुर्ची.
तेव्हा बारीक सळई हिरडीखाली घालून
ती आकडे सांगायची, शिकाऊ पोरगी लिहायची:
चार, पाच, सात, रक्त.
सहा, सहा, रक्त.
मला वाटलं, कुणी माझ्या तोंडाची नक्षी वाचून दाखवतंय
आणि तिच्यात लाल फार झालाय.

मी ग्राफ काढायचो. साखर पेठेत, एकतीस वर्षं.
चादरीवरचा मोर आधी माझ्या कागदावर
चौकोन चौकोन बसायचा,
मग पुठ्ठ्यांना भोकं, मग मागावर चढायचा.
एक चौकोन चुकला
की साडेतीनशे चादरींत मोर लंगडा.
म्हणून नजर बारीक ठेवायची, आणि नजर जागी ठेवायला
ओठाखाली तंबाखूची चिमूट.
कुठल्या ओठाखाली, ते सळईनं बरोबर ओळखलं.

मग दोन बैठकांत तिनं मुळं खरवडली.
अर्धा जबडा बधिर घेऊन मी अशोक चौकापर्यंत चालत आलो,
चहा मागवला,
निम्मा सदऱ्यावर.

आज पडद्यावर दोन तोंडं. तेव्हाचं आणि आताचं,
एकावर एक.
दातांना धरून जुळवते, ती म्हणाली,
दात सहसा जागचे हलत नाहीत.
हा पुढचा एक सोडून. हा हललाय.
मी गप्प. आमचंही तेच की,
काठ धरून नक्षी जुळवायची.
काठच सरकला तर धरणार कशाला?

रंग उमटले.
काही बदललं नाही तिथं हिरवा,
हिरडी मागे हटली तिथं निळा.
निळा खूप होता.

शून्य पूर्णांक सहा मिलिमीटर, इथं,
ती म्हणाली, अगदी आनंदानं.
मी मनात हिशेब मांडला:
दहा नंबरी सुताचे दोन धागे.
एवढं माझं कमी झालं
आणि ही हसते?

सूज उतरली, काका.
गेली ती सूज होती.

नवी चादर पहिल्या धुण्यात आटते.
गिऱ्हाईक भांडायला येतं, माप मारलंत म्हणतं.
कांजी गेली, आता हे खरं माप,
असं मीच सांगितलंय किती जणांना
गड्ड्याच्या जत्रेत, मालकाच्या स्टॉलवर उभा राहून.
सांगायला सोपं होतं.

घरी सुगुणानं हनुवटी धरून
तोंड दिव्याकडे वळवलं.
दात लांब झाले तुमचे. आणि मधे ही काळी फट.
म्हटलं, तो निळा तू बघायला हवा होता.
कसला निळा?
तिनं बोटानं ओठ खाली ओढला
आणि घरच्या तेलुगूत विचारलं, चिगुरु दुखतंय का?

चिगुरु.
आमच्यात हिरडीलाही तेच,
झाडाच्या कोवळ्या पालवीलाही तेच.
साठ वर्षं हा शब्द तोंडात होता
आणि आज ऐकला.

रात्री कडक भाकरी, शेंगाचटणी.
चटणी नेमकी फटीत जाऊन बसली.
बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लू शोभेल असा एक ब्रश दिलाय,
तो आरशासमोर आतबाहेर केला.
थुंकून बघितलं. रक्त नाही.
पुन्हा बघितलं.
नाही.

सहा महिन्यांनी परत बोलावलंय, परत दांडी, परत रंग.
डबी अजून खिशात आहे. रिकामी,
चुना कडेला वाळलेला.
ती काही त्या पडद्यावर दिसत नाही.