शाकाहारी टाकी

गणपती पेठेत, हळदीच्या वजनकाट्याशेजारी
भूपालआण्णांची टाकी.
तीन गोल्डफिश. एकीची शेपटी कुजत चाललेली.

"वाळलेले किडे घाला," मासेवाला रियाज म्हणाला.
आण्णांनी कानांवर हात ठेवले.
"मग लसूण?"
"तोही चालत नाही आमच्यात."

शेवटी शेवग्याचा पाला, सावलीत वाळवलेला,
राजापुरी हळद, चिमटीच्या टोकावर मावेल तेवढीच,
कणकेत मळून मोहरीएवढ्या गोळ्या.
दोन दिवस पाणी पिवळं.
गिऱ्हाईक विचारी, हळदीचा नमुना का हा?

एकविसाव्या दिवशी
शेपटीला नवी कड, इतकी पातळ
की पलीकडचं पोतं दिसावं.
आण्णांनी चष्मा पुसला, वाकले.

तेवढ्यात डासाची एक अळी वळवळली.
गटकन.

आण्णा वळले
आणि मोजलेलं पोतं
पुन्हा काट्यावर चढवलं.