कळ

किल्ल्या अजून येतात टपालाने.
वर्षातून एखादी, कधी तीही नाही.
हिरव्या प्लास्टिकच्या बिल्ल्यावर आकडा,
मागे बारीक अक्षरांत:
चुकून सोबत नेलीत तर कुठल्याही टपालपेटीत टाका.
परवा नऊ नंबरची आली, ओहायोहून.
कुलूप बदलूनच तीस वर्षं झाली, तरी
ओफेलियाबाईंनी ती एप्रनला पुसली,
खिळ्याला टांगली,
उशिरा परतलेली पोर
न रागावता घरात घ्यावी तशी.

युक्का कोर्ट. बारा खोल्या,
दर दोन खोल्यांमध्ये गाडीपुरती पडवी.
न्यू मेक्सिकोच्या या सपाटीवर
जुना रस्ता आमच्या दारावरून जातो,
मैलभर पुढे कुंपणात शिरतो, गवत होतो.
नवा हायवे उत्तरेला. रात्री ऐकू येतो,
कुणी नळ नीट बंद केला नसावा तसा.

मी सोळाव्या वर्षी इथे चादरी धुवायला लागले,
तेव्हाच रस्ता आटत आला होता.
त्याआधीचं मला वहीतून माहीत:
नाव, गाव, गाडीचा नंबर, माणसं किती.
'मुलं चार, कुत्रा एक, कुत्र्याचे पैसे नाहीत.'
बंपरला टांगलेल्या कॅनव्हासच्या पाणपिशव्या,
झोपलेली पोरं खांद्यावर टाकून आत नेणारे बाप,
नाणं घातलं की पाव तास थरथरणारा पलंग,
आणि इंजिनं निवताना करतात ती टिकटिक,
बाराही खोल्यांपुढे, उशिरापर्यंत.

किती छान असेल ना, मी म्हटलं.
बाई उशीचा अभ्रा उलटा करत होत्या.
"छान होतं. सगळ्यांसाठी नव्हतं."

काउंटरखाली एक कळ आहे, पितळी.
दाबली की बाहेर 'व्हेकन्सी'च्या आधी
लाल 'नो' पेटतो.
आधीचा मालक, ह्यूलेट,
दारातल्या उजेडात चेहरा बघायचा,
आणि तो काळा असला की
पाच खोल्या रिकाम्या असताना
अंगठा खाली न्यायचा.
बाई तेव्हा सोळाच्याच, हातांत टॉवेलांची चळत.
गाडी वळताना त्यांनी पाहिली.
मागच्या काचेत एक मुलगी,
तिच्या कपाळावर तो लाल, क्षणभर.

पुढे डेल्फिनोने कर्ज काढून मोटेल घेतलं.
कळ राहिली, हात लागला नाही.
खोल्या भरल्या तर बाई स्वतः बाहेर जायच्या,
गाडीच्या खिडकीशी वाकून सांगायच्या,
आणि पुढच्या गावी फोन लावून द्यायच्या.
मग भरणंच थांबलं.
मग डेल्फिनोही.

गेल्या जानेवारीत बर्फाने नवा हायवे मिटला.
पोलिसांनी गाड्या आमच्याकडे वळवल्या.
चाळीस वर्षांनी दारात दिव्यांची रांग:
ट्रकवाले, बास्केटबॉलच्या पोरी, शवपेट्यांचा एक विक्रेता,
आणि बाई, पंच्याऐंशीच्या, वही पुढे सरकवत,
गाडीचा नंबर विचारत, जो आता कुणालाच पाठ नसतो.
नऊपर्यंत अकरा खोल्या गेल्या.
साडेनऊला बारावी, गळक्या छताखालच्या बादलीसकट.

पुढच्या गावी फोन लावावा असं काही उरलेलं नाही.
कमरेत कळ आली म्हणून बाई काउंटरला टेकल्या,
मग त्यांचा हात खाली गेला.
"एकदा तरी खरं बोलू दे तिला."

आधी नुसती गुणगुण, धूळ जळल्याचा वास.
'एन' अंधारातच राहिला.
'ओ' तेवढा पेटला, बर्फात,
तोंड उघडं राहिल्यासारखा.

दहा मिनिटं झाली असतील.
एक पिकअप आली, वायपर एकच चालणारा.
फाटकाशी थबकली, वर पाहिलं असावं,
आणि मागे जाऊ लागली.
आत कोण होतं दिसलं नाही. मला तरी नाही.
बाईंनी कळ सोडली आणि धावल्या,
सपातांवरच, बर्फातून, दोन्ही हात हलवत.

मी त्या रात्री चादरींच्या ढिगावर झोपले, ड्रायरपाशी, उबेत.
माझ्या खाटेवर कोण होतं ते वहीत आहे,
बाईंच्या तिरक्या अक्षरात:
माणसं तीन, कोंबड्या दोन,
कोंबड्यांचे पैसे नाहीत.