चावी

मशीनचा पट्टा मापुतोच्या कस्टममध्ये अडकला,
म्हणून दोन दिवसांचे अकरा झाले
इन्यांबानेत, जिथे दुकानं बाराला मिटतात
आणि अडीचला, वाटलंच तर, एक फळी उघडतात.
रेल्वे स्टेशन आहे; गाडी नाही.
फलाटावर दोन म्हातारे बाटल्यांच्या बुचांनी डाव मांडतात
आणि हरलेलाही उठत नाही,
उठून जायचं कुठे.

भाषा येत नव्हती. पहिल्या रात्री
दोना फेलिझ्मिनानं माझ्या तळहातावर चावी ठेवली,
म्हणाली, शाव.
मी म्हणालो, चावी.
ती थबकली. मग कोपऱ्यात बोट दाखवून, बाल्द.
बादली.
साबांव.
साबण!
मग आम्ही दिवा घेऊन घरभर हिंडलो
बऱ्याच वर्षांनी भेटलेल्या नातलगांसारखे,
कुणाचं नाक कुणावर गेलंय ते ताडत.
पाव जुळला. बिजागरी काही केल्या जुळेना.
काजूवर ती इतकी हसली
की शेजारचा कोंबडा अवेळी आरवला.

कुठल्याशा गलबतानं हे शब्द
दोन्ही किनाऱ्यांवर उतरवले असणार,
सोबत बंदुका होत्या.
त्या रात्री ते मनात आलं नाही.

सकाळी ओहोटी मैलभर मागे सरायची,
बायका चिखलात वाकून शिंपल्या वेचायच्या.
दुपारी नारळाच्या रसात शिजलेला कसाव्याचा पाला,
आणि झोप.
पट्टा कधी येणार? अमन्या, उद्या.
खोलीचे पैसे? अमन्या.
चौथ्या दिवशी मी घड्याळ काढून खिडकीत ठेवलं
आणि घरी कळवलं:
इथली माणसं सुखी आहेत, उद्यावर जगतात.

आठव्या दिवशी मेजावर नोटा ठेवल्या
आणि नवा जुळलेला शब्द मोठ्या ऐटीत म्हणालो:
पगार.

तिच्या भाषेत ते क्रियापद आहे.
कुणीतरी ते करावं लागतं.

तिनं पत्र्याचा डबा काढला.
अर्मिंदो, जोहान्सबर्गपलीकडच्या खाणीतला,
कपाळावर दिवा बांधलेला.
त्याच्या छातीचा एक्स-रे तिनं खिडकीच्या उजेडात धरला,
जसं कुणी नातवानं काढलेलं चित्र दाखवतं.
मग पत्रं. चौदा वर्षांची, शिक्क्यांची.
मला त्यांतला पगार तेवढा वाचता आला,
आणि पुन्हा पुन्हा येणारा आणखी एक शब्द,
अमन्याचाच टाय लावलेला भाऊ.

मी राहत होतो ती त्याची खोली.
दारामागच्या खिळ्याला त्याचा कमरेचा पट्टा,
आठ दिवस मी त्यावर टॉवेल वाळत घालत होतो.

ती काही बोलली, बरंच वेळ.
त्यातलं काहीच माझ्याकडे नव्हतं.
मी हो म्हणालो.

अकराव्या दिवशी पट्टा आला, मशीन फिरलं.
माशीशला जाणारी होडी भरेपर्यंत सुटत नाही;
आम्ही पिठाची पोती, एक सायकल आणि
बांधलेल्या कोंबड्यांसोबत भरलो.
खाडीच्या मध्यावर खिशात हात गेला:
चावी.

नावाडी झेफेरिनो रागावला नाही.
शीड सैल सोडलं, समोरच्या होडीला लांबट हाक घातली.
काठाला काठ घासला. पाण्यावर
चावी हातोहात गेली, सात-आठ हातांतून,
कुणी एकानं ती शर्टाला पुसलीसुद्धा.
शेवटी एका पोरीनं कमरेच्या कापडाला गाठ मारली,
आपल्याकडे पदराला मारतात अगदी तशी.
दोना फेलिझ्मिना, ओरडलो मी, दोना —
तिनं मान डोलावली. होड्या सुटल्या.

ओझ, ती म्हणाली. वाऱ्यात तेवढंच आलं.
मला ते आपलं ओझं ऐकू आलं.
तिच्या भाषेत
ओझ म्हणजे आज.