मापाची नळी

जुन्या बाजारात, रविवारी, इनूसच्या ताडपत्रीवर
तीन कुप्या. बंदुकीच्या दारूच्या.
"कुठलीही घ्या," तो म्हणाला, "शोभेचीच वस्तू."

एकीवर हरिण कोरलेलं, पाय उधळलेले.
देखणी. पण कडेचा डाग सुटलाय,
पावसाळ्यात आत ओल जाईल.
दुसरी लोखंडी. नको.
एकतीस वर्षं खडकीच्या कारखान्यात
बिनखिळ्यांचे बूट घातलेत मी,
दारूजवळ लोखंड नेत नाही.

तिसरी पितळी, मुठीत मावणारी, पोचलेली.
नळीच्या तोंडावर बोट दाबलं, उलटी केली,
अंगठ्यानं खटका ओढून सोडला.
स्प्रिंग अजून चिडकी आहे.
एवढ्याशा नळीत
रिव्हॉल्व्हरच्या एका घराचं माप.
कमी पडलं तर गोळी पायाशीच,
जास्त झालं तर
अंतोन साळवीची डावी बाही,
पिनेनं वर टाचलेली.

"रिव्हॉल्व्हर आहे घरी?"
नाही. कधीच नव्हतं.
"मग?"
चारशे सांगत होता, अडीचशे दिले.

तांबट आळीत कर्ड्यांनी पोचा काढला,
पैसे घेतले नाहीत, कुपी मात्र
बराच वेळ हातातून सोडली नाही.

रात्री तिच्यात मोहरी भरली.
सहा वेळा खटका, ओट्यावर सहा ढीग,
डोळ्यांना अगदी सारखे.
चष्मा लावून एकेक दाणा मोजत बसलो.

सहावा मोजायचा होता, तेवढ्यात
हिनं सगळे एकत्र करून डब्यात ओतले.
पाचव्यात तीन दाणे जास्त होते.