स्थलांतरित

कोर्ट कंपाउंडात, झेरॉक्सच्या दुकानाला चिकटून
माझं टेबल. एक पाय आखूड, खाली विटेचा तुकडा.
मराठीत सांगा, मी कानडीत टाइप करतो.
पानाला चाळीस. बाँड वेगळा.

शेवंताक्का मुसळे आली वडगावहून.
पिशवीत रेशनकार्ड, विजेची बिलं,
आणि मतदार यादीचं पान, घडीवर चिरलेलं.
अनुक्रमांक चारशे बारा:
सावंत मुसळे. पुरुष. वय सत्तावीस.
नावावर आडवा शिक्का, कारणाच्या रकान्यात एकच शब्द.

"हा कोण?"
"मीच की. शेवंताचं सावंत झालं तवा बोललो न्हाई.
बाप्याच्या नावानं तीनदा मत टाकून आलो.
साहेब तोंड बघायचे, हसायचे, शाई लावायचे.
खरं आता म्हणतात, तो सावंत गाव सोडून गेला."

कुणीतरी सातचे फॉर्म भरले होते,
एकशे सदतीस, एका बैठकीत.
सह्या निरनिराळ्या, शाई एकच,
आणि प्रत्येक 'र' ची शेपटी डावीकडे वळलेली.
वीस वर्षं अक्षरांवर जेवतो मी, एवढं कळतं.

प्रतिज्ञापत्राला सरळ वाक्य लागतं:
मी, वर नमूद केलेली, कुठेही गेलेली नाही.
जाणाऱ्याकडे तिकीट असतं.
राहिलेल्यानं काय जोडायचं?

मी बोटं उचलून बसलो, ती सांगत गेली.
जन्मली ती मुंबई राज्यात.
नीट बोलू लागली तोवर म्हैसूर.
एक गटार ओलांडून सासरी आली
आणि वर्ष फिरायच्या आत कर्नाटक.
रेशनकार्डावर बेलगाम, बिलावर बेळगावी,
तिच्या तोंडात बेळगाव.
"सगळं माझ्यावरनं गेलं, बाबा.
मी हाय तिथंच हाय."

मग मागाच्या खड्ड्याचं निघालं.
मुलानं पॉवरलूम आणला, खड्डा बुजवायला निघाला,
तिनं फावड्यावर पाय ठेवला.
आत पावलांच्या जागी अजून
माती खोलगट, दोन वाट्यांसारखी.
असुंडी वकीलबाई म्हणाल्या, फोटो लावा.
लावला. परिशिष्ट ई.

नागव्वा आली तिसऱ्या दिवशी, दारातच थांबली.
तिला वाटलेलं, हे मराठी लोकांचं जुनंच भांडण.
मग कुणीतरी पान वाचून दाखवलं.
"नन्न हेसरु एल्ली?"
मी बोट फिरवत गेलो:
मुसळे, हंजी, मुल्ला, फर्नांडिस, पुन्हा हंजी.
कापणाऱ्यानं गल्ली मोजली होती,
कोण घरात काय बोलतं ते त्याच्या हिशेबातच नव्हतं.
नागव्वानं अंगठा दिला. शेवंताक्काची सही,
शाळेत शिकलेली, कानडीत.

धारवाडला सात मिनिटं चाललं, असं बाई म्हणाल्या.
सरकारी वकील उठले: पर्यायी मार्ग उपलब्ध आहे,
सहाचा फॉर्म भरावा, नव्यानं नोंदणी करावी.
बहात्तराव्या वर्षी नवी मतदार,
अठराच्या पोरींच्या रांगेत.
न्यायमूर्तींनी खड्ड्याचा फोटो जरा वेळ पाहिला म्हणे.
मग म्हणणं मांडायला मुदत. पुढची तारीख.

ती तारीख मतदानानंतर नऊ दिवसांनी.

आज जादा प्रतिज्ञापत्र टाइप करतोय.
तोच शब्द पुन्हा येतो.
मराठीत स्थलांतर, कानडीत स्थळांतर,
एका ल चा फरक, जीभ थोडी मागे वळवायची, बस.
इतकी वर्षं या दोन भाषांच्या मधे बसून पैसे घेतो,
आणि या शब्दाचे घ्यायला हात होत नाही.

शेवंताक्का पदराच्या गाठीतून नोटा सोडवते.
राहू दे म्हटलं तर रागावते.
"हिशेबात लिव्ह," म्हणते, "नाव घालून.
निदान तुझ्या वहीत तरी बरोबर घाल."
मी लिहितो. शे. वं. ता.
ती वाकून बघते. तिला मराठी वाचता येत नाही,
तरी बघत राहते, शाई वाळेपर्यंत.